चार नव्हे, तीन सायकली पुरतील

नाशिकच्या इंदिरानगरमधून एका वाचक भगिनींनी दोन पानांचे पत्र पाठवले आहे. त्यांचे यजमान सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत कामाला असून कारखाना घरापासून सुमारे ८ किलोमीटरवर आहे. एक आठवडा पहिली पाळी आणि एक आठवडा दुसरी, त्यामुळे आठवड्याआड घरी परतायला रात्रीचे साडेअकरा वाजतात. त्या स्वतः ३ किलोमीटरवरच्या शाळेत शिकवतात आणि जाताना चार वर्षांच्या मुलाला वाटेतल्या बालवाडीत सोडतात. मुलगी सातवीत आहे, तिची उंची ४ फूट ८ इंच आहे. सासरे ६८ वर्षांचे आहेत. भाजी आणि दूध आणायला ते जुन्या काळ्या अ‍ॅटलासवरून जात असत, परंतु गेल्या वर्षी उतरताना पाय मधल्या आडव्या नळीला अडकून पडले आणि तेव्हापासून ती सायकल जिन्याखाली उभी आहे. स्कूटरचा खर्च कमी करावा आणि सर्वांनी रोजची कामे सायकलने करावीत, असे घरात ठरले आहे. दुकानदाराने चार नव्या सायकली सुचवल्या आहेत: यजमानांना पुढे स्प्रिंग आणि दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक असलेली २१ गिअरची जाड टायरची सायकल, त्याच जातीची थोडी लहान सायकल बाईंना, मुलीला ‘पुढे वाढेल म्हणून’ २६ इंची आणि सासऱ्यांना पुन्हा नळीची काळी सायकल. हिशेब ५२ हजारांवर गेला आहे आणि घरात ठरलेली रक्कम ४० हजार आहे. “दुकानदार म्हणतात ते घ्यावे का, आणि कात्री लावायची तर कोठे लावावी?” असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले, कारण त्यात अंतरे, वेळा, उंची आणि कोण काय वाहून नेणार हे सगळे लिहिलेले आहे आणि सायकल निवडायला नेमके एवढेच लागते. दुकानदारांनी सुचवलेल्या चार सायकलींपैकी एकही सायकल तुमच्या पत्रातल्या कामासाठी बनलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांच्या हेतूवर मी संशय घेत नाही. आज दुकानात दर्शनी भागात त्याच सायकली लटकलेल्या असतात आणि गिऱ्हाईकही त्याच मागते. त्यात आपले शहर सायकलपटूंचे. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ती एकट्याने पूर्ण केली आणि त्यानंतर पहाटे गंगापूर रस्त्यावर दिसणाऱ्या सायकलींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. मला त्याचा मनापासून अभिमान आहे. मात्र पहाटे पन्नास किलोमीटरची दौड मारायची सायकल आणि बालवाडी, भाजी, पाळी सांभाळणारी सायकल ही दोन वेगळी यंत्रे आहेत, हे सांगणारे कोणी दुकानात भेटत नाही.

रोजच्या सायकलीची पारख मी तिच्या अंगावरच्या साध्या वस्तूंवरून करतो. दोन्ही चाकांवर पुरते लांब मडगार्ड, चेनवर कव्हर, मागे भक्कम कॅरिअर, पुढे टोपली, घंटी, कुलूप, दिवे आणि उभी राहील असा स्टँड या त्या वस्तू होत. जाड टायरच्या स्प्रिंगवाल्या सायकलीवर यांतले बहुधा काहीच नसते. पहिल्या पावसात चाकाने उडवलेल्या चिखलाची रेघ पाठीवर उमटते, चेनचे काळे वंगण पँटच्या पायाला लागते, डबा ठेवायला जागा नसल्याने तो पाठीवरच्या पिशवीत जातो आणि पाठ घामाने भिजते. मग ‘आज स्कूटरच नेतो’ असे एक दिवस होते, दुसऱ्या दिवशीही होते आणि महिनाभरात सायकल गच्चीवर जाते. घराघरांतल्या गच्च्यांवर आणि जिन्यांखाली धूळ खात पडलेल्या ज्या सायकली मी पाहिल्या आहेत, त्यांतल्या बहुतेकींचे यंत्र उत्तम होते. त्यांना मडगार्ड मात्र नव्हते.

आता एकेक सायकल घेऊ. माझ्या मते सर्वांत आधी तुमची घ्यावी, कारण रोज दोन फेऱ्या, त्याही मुलाला घेऊन, तुमच्याच आहेत. तुम्हाला बिनगिअरची, आखूड नळीची, म्हणजे जिची नळी खाली वाकवलेली असते आणि जिला दुकानात लेडीज सायकल म्हणतात, ती घ्यावी, असे मी सुचवतो. २६ इंची चाक, सरळ बसता येईल असे मागे वळलेले हँडल, रुंद स्प्रिंगची सीट, पूर्ण चेन कव्हर आणि मागच्या चाकाच्या वरच्या अर्ध्या भागावर जाळी. ही जाळी साडीचा पदर आणि ओढणी आऱ्यांत जाऊ नये म्हणून असते. ती शोभेची समजून काढून टाकू नका. अशी सायकल साधारण ७ ते ९ हजारांत मिळते. घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी, ती म्हणजे चाकाच्या रिमचा धातू. चकचकीत लोखंडी रिम ओली झाली की तिच्यावर रबरी ब्रेक घसरतात आणि सायकल थांबायला कोरड्या रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त अंतर लागते. अ‍ॅल्युमिनिअमच्या रिमवर हा फरक पुष्कळ कमी असतो. लोहचुंबक लावून पाहिले की एका क्षणात कळते. जून ते सप्टेंबर मुलाला मागे बसवून चालवायचे आहे, तेव्हा हजार रुपये जास्त पडले तरी अ‍ॅल्युमिनिअमची रिमच घ्यावी.

हीच सायकल सासऱ्यांचीही होऊ शकते, आणि चारऐवजी तीन सायकली पुरतील असे मी म्हणतो ते यासाठीच. तुम्ही सकाळी नेणार, ते संध्याकाळी नेणार. दोघांच्या उंचीत तुम्ही लिहिल्याप्रमाणे तीन इंचांचा फरक आहे; सीटखालच्या नळीला बोल्टऐवजी हाताने उघडता येणारी खिटी बसवून घेतली की पाना न लावता सीट वरखाली करता येते आणि त्या नळीवर दोघांच्या मापाच्या दोन खुणा रंगाने करून ठेवता येतात. वय झाल्यावर सायकल चालवणे क्वचितच अवघड जाते. अवघड जाते ते मागून पाय उचलून नळीवरून पलीकडे टाकणे. सासरे पडले तेही उतरताना. त्यांना पुन्हा नळीची सायकल देणे म्हणजे तोच प्रसंग पुन्हा येण्याची वाट पाहणे होय. बायकांच्या सायकलीवर बसायचे कसे, हा संकोच त्यांना वाटेल, हे मी जाणतो. त्याविषयी शेवटी लिहितो.

मुलाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. तुम्ही लिहिले आहे की तूर्त त्याला कॅरिअरवर उशी बांधून बसवाल आणि तो कमरेला घट्ट धरेल. कृपया असे करू नका. मी सात वर्षांचा असताना माझा धाकटा भाऊ असाच वडिलांच्या मागे कॅरिअरवर बसला होता. वळणावर त्याला डुलकी आली, पाय आत गेला आणि टाच आऱ्यांत सापडली. टाचेमागचे कातडे सोलून निघाले होते आणि जखम भरायला दोन महिने लागले. वडील तर वेगाने चालवतही नव्हते. लहान मुलाच्या टाचेला अशी इजा व्हायला सायकल चालण्याच्या गतीने गेली तरी पुरते. त्यामुळे पाठ असलेली, पट्टे असलेली आणि दोन्ही पाय बाजूच्या खोबणीत अडकवून बांधता येतील अशी मागची सीट घ्या. अशा बहुतेक सीटा २२ किलोपर्यंतच्या मुलासाठी असतात, म्हणजे तुमच्या मुलाला त्या अजून दोनएक वर्षे पुरतील. ही सीट ज्या कॅरिअरवर बसते त्याचे पाय मागच्या चाकाच्या एक्सलपाशी बोल्टने आवळलेले हवेत. केवळ सीटच्या नळीला चिमट्याने धरलेले हलके कॅरिअर डबा वाहण्यासाठी ठीक आहे, मूल बसवण्यासाठी नाही.

त्याच्या जोडीला स्टँडचा विचार करावा. एका बाजूचा स्टँड मुलाच्या वजनाने कलंडतो. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी उचलून धरणारा जुन्या पद्धतीचा लोखंडी स्टँड घ्या, आणि तो असला तरी मूल बसलेले असताना हँडलवरचा हात सोडू नका. पहिले चार दिवस मुलाऐवजी सीटमध्ये १५ किलो तांदळाची गोणी पट्ट्याने बांधून गल्लीत फेऱ्या मारा. चढता-उतरताना, वळताना आणि ब्रेक दाबताना मागचे वजन सायकल कशी ओढते हे गोणीवर शिकलेले बरे. मूल मागे असताना चढण्यासाठी मागून पाय टाकता येत नाही, पुढूनच टाकावा लागतो; आखूड नळीची सायकल घ्यायचे हेही एक मोठे कारण आहे. दोघांनीही हेल्मेट घाला, मुलाला बालवाडीपुरतेच का होईना.

मुलीच्या बाबतीत ‘पुढे वाढेल’ हा विचार कपड्यांना चालतो, सायकलीला चालत नाही. तिच्या उंचीला २४ इंची चाकाची सायकल योग्य आहे. पारख अशी करावी: सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि हँडल पूर्ण वळवताना बाहेरच्या बाजूचा हात ताणला जाता कामा नये. मग ब्रेकची लिव्हर पाहावी. मोठ्यांच्या सायकलीची लिव्हर मुलांच्या बोटांपासून इतकी लांब असते की ती दोन बोटांच्या टोकांनी कशीबशी ओढली जाते आणि ऐन वेळी पुरेसा जोर लागत नाही. बऱ्याच लिव्हरना आत एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर हँडलच्या जवळ येते. दुकानातच ते करून घ्यावे. तिला दोन-तीन वर्षांत २६ इंची लागेल हे खरे आहे. तेव्हा ही सायकल विकता येईल किंवा जपून ठेवली तर धाकट्याला होईल, म्हणून रंग निवडताना भावाबहिणींचे एकमत करून घ्या. तिच्या दप्तराचे वजन पाठीवर नको, कॅरिअरवर हवे. त्यासाठी कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या कापडी पिशव्या कोणत्याही शिवणकाम करणाऱ्याकडून शिवून घेता येतात, फक्त त्यांचा तळ आऱ्यांत शिरू नये म्हणून आत पुठ्ठा किंवा पातळ फळी घालावी.

यजमानांच्या सायकलीविषयी माझा सल्ला कदाचित अनपेक्षित वाटेल: त्यांच्यासाठी आताच काही घेऊ नका. जिन्याखालची अ‍ॅटलास बाहेर काढा. सोनीपतची ही कंपनी १९५१ साली सुरू झाली आणि तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद झाला, ही बातमी वाचून मला फार वाईट वाटले होते. तरीही तुमच्या सायकलीचे काही अडणार नाही, कारण या घडणीच्या काळ्या सायकलींचे सुटे भाग एकमेकींना चालतात आणि अजून गल्लोगल्ली मिळतात. तुमचे यजमान ५ फूट ९ इंच आहेत, म्हणजे त्यांना ती मापाचीच आहे. जुन्या पेठेतल्या एखाद्या वयस्क मिस्त्रीकडे ती पूर्ण खोलून करायला द्या. दोन्ही चाकांचे, हँडलचे आणि पायडलच्या एक्सलचे छर्रे नवे, ग्रीस नवे, पायडलचे दांडे एक्सलला पकडणाऱ्या कॉटर पिना नव्या, चेन आणि फ्रीव्हील म्हणजे मागचे दातेरी चक्र झिजले असतील तर दोन्ही एकदम नवे, ब्रेकची रबरे नवी, दोन्ही चाकांचे आउट काढलेले, म्हणजे आरे आवळून चाके सरळ केलेली, टायर-ट्यूब नवे. एवढे सगळे अडीच हजारांच्या आत बसावे.

मग यजमानांनी महिनाभर तीच सायकल कामावर न्यावी. पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते असतील तर २८ इंची चाकाची ही सायकल पायडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे, म्हणजे अगदी निवांत पाय मारले तरी ताशी २० किलोमीटरच्या जवळ वेग पडतो. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी होणारा खोळंबा आणि त्र्यंबक रस्त्यावरचे सिग्नल धरून तीस-पस्तीस मिनिटांत ते पोचतील. सायकल जड आहे, साधारण वीस किलोची असेल, आणि चढावर ते जाणवेल. पण महिनाभरानंतर त्यांना नेमके सांगता येईल की अडचण चढाची आहे, मनगटांची आहे, खड्ड्यांची आहे की ब्रेकची. त्या उत्तरावर पुढची खरेदी करावी. कित्येकदा असे होते की महिन्यानंतर नवी सायकल नकोच, असे चालवणाराच म्हणतो.

नवी हवीच असे ठरले, तर त्यांनी लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनिअमच्या फ्रेमची, पुढे स्प्रिंग नसलेली, मध्यम जाडीच्या म्हणजे ३५ ते ४० मिलिमीटरच्या टायरची सायकल पाहावी. दुकानात तिला हायब्रिड म्हणतात आणि १५ ते १८ हजारांत चांगली मिळते. मडगार्ड आणि कॅरिअर बसवण्याची भोके फ्रेमला आहेत ना, हे पैसे देण्यापूर्वी बोट लावून पाहावे. स्वस्त सायकलीतली पुढची स्प्रिंग सायकलीचे वजन वाढवते, पायडल मारताना जोराचा काही भाग स्वतःच गिळते आणि दोन पावसाळ्यांत गंजून नुसती खडखडते. खड्ड्याचा धक्का पुरेशी हवा भरलेले जाड टायरच अधिक चांगला झेलते. गिअर पुढे एक आणि मागे सात एवढे पुरतात. पुढे तीन आणि मागे सात मिळून २१ होतात खरे, परंतु त्यांतले कितीतरी गिअर एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायाला फरक कळत नाही, आणि बिघडणाऱ्या वस्तूंत मात्र पुढच्या गिअरच्या यंत्रणेची भर पडते. मागचे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे असले की त्याच पुढच्या चक्रावर चढाला लागणारा जोर १८ दात्यांच्या बिनगिअरच्या सायकलीच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी होतो. सातपूरच्या रस्त्याला याहून जास्त लागणार नाही. गिअरची सायकल कारखान्याच्या स्टँडमध्ये उजव्या अंगावर पडू देऊ नये, कारण मागच्या गिअरचा लटकता भाग जरासा आत वाकला तरी चेन आऱ्यांत जाऊ शकते.

डिस्क ब्रेक पावसात उत्तम चालतात, यात शंका नाही. तुमच्या जवळच्या मिस्त्रीला ते जुळवता येत असतील तर जरूर घ्यावेत. येत नसतील तर अ‍ॅल्युमिनिअमच्या रिमवरचे साधे ब्रेक घ्यावेत, ज्यांची रबरे कोठेही मिळतात.

ई-सायकल घ्यावी का, असे पत्राच्या समासात यजमानांनी विचारले आहे. मोटार २५० वॉटच्या आत आणि तिची मदत ताशी २५ किलोमीटरला थांबणारी असेल तर नोंदणी आणि परवाना लागत नाही, हे बरोबर आहे. परंतु ८ किलोमीटरसाठी आणि निरोगी माणसासाठी आज त्याची गरज मला दिसत नाही, आणि बॅटरी बदलण्याची वेळ येते तेव्हा तो खर्च एका साध्या सायकलीएवढा असतो. गुडघ्याचा त्रास असता तर मी वेगळे लिहिले असते.

रात्री परतण्याविषयी तडजोड नको. मागे लाल आणि पुढे पांढरा असे चार्ज करता येणारे दोन दिवे, मागच्या मडगार्डवर लाल रिफ्लेक्टर आणि पायडलवर पिवळे रिफ्लेक्टर हवेत. पायडलवरचे रिफ्लेक्टर वरखाली हलतात, म्हणून मागून येणाऱ्या ट्रकचालकाला ‘ही सायकल आहे’ हे लांबूनच उमगते. दिवा पाठीवरच्या पिशवीला किंवा शर्टाला अडकवू नये, तो सायकललाच लावावा; मग पिशवी घरी विसरली तरी दिवा विसरला जात नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवे कारखान्यात डबा खाताना चार्ज करून घ्यावेत.

आता एक अगदी बारीक, पण पुढे पैसे आणि हेलपाटे वाचवणारी गोष्ट. ‘२६ इंची’ या एका नावाखाली बाजारात दोन वेगळी चाके आहेत. तुमच्या आखूड नळीच्या सायकलीवर टायरच्या कडेला २६ × १ ३/८ असे लिहिलेले असेल, तर जाड टायरच्या सायकलीवर २६ × १.९५ किंवा तत्सम. दोन्हींचे टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. त्याचप्रमाणे अ‍ॅटलासचे २८ × १ १/२ आणि हायब्रिडचे ७०० हेही वेगळे आहेत, जरी काही टायरांवर दोन्हींसाठी २८ असा आकडा छापलेला असतो. म्हणून टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत असलेला मिलिमीटरचा तीन आकडी अंक वाचावा: ५९०, ५५९, ६३५ किंवा ६२२. तो रिमवर टायर जिथे बसते तिथला व्यास असतो आणि तो जुळला तरच टायर बसते. घरात तीन सायकली झाल्यावर हे अंक भिंतीवरच्या कॅलेंडरमागे लिहून ठेवावेत. खरेदीपूर्वी घराजवळच्या आणि कारखान्याजवळच्या पंक्चरवाल्यांकडे जाऊन कोणती ट्यूब हाताशी असते हे विचारून यावे. पपया नर्सरीच्या चौकात रात्री अकरा वाजता ट्यूब गेली तर दुकानातल्या शोभेपेक्षा या चौकशीचाच उपयोग होईल. एक जादा ट्यूब, तीन प्लास्टिकचे टायर-लिव्हर आणि छोटा पंप कॅरिअरच्या पिशवीत कायम असू द्या, आणि अर्थात त्या सायकलीच्या व्हॉल्व्हला चालणाराच पंप घ्या.

सायकली दुकानात अर्धवट जोडलेल्या स्थितीत, खोक्यात येतात आणि तिथला मुलगा वीस-पंचवीस मिनिटांत त्या जोडून देतो. घाईत काय राहून जाते ते मी अनुभवले आहे. पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या माझ्या सायकलीचे डावे पायडल आठव्या दिवशी भर रस्त्यात गळून पडले, कारण ते आटे मोडत तिरके आवळले गेले होते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि जोडणाऱ्याने ते लक्षात घेतले नाही तर असे होते. म्हणून पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी स्वतः पाहाव्यात. पुढचे चाक धरणारा चिमटा उलटा बसलेला नाही ना, म्हणजे त्याचा बाक पुढच्या दिशेला आहे ना. ब्रेकची रबरे रिमवरच टेकतात, टायरला घासत नाहीत ना. हँडल हाताने जोर लावून पुढच्या चाकापासून वेगळे वळत नाही ना. आणि पायडल दोन्ही सरळ फिरतात ना. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा पक्के बिल मागा आणि त्यावर फ्रेमचा नंबर लिहून घ्या. हा नंबर बहुतेक सायकलींत पायडलच्या एक्सलखाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. चोरी झाली तर तक्रार नोंदवताना त्याच्याशिवाय सायकल ओळखता येत नाही. नवे आरे पहिल्या काही दिवसांत सैल होतात, म्हणून पंधरा दिवसांनी दोन्ही नव्या सायकली पुन्हा दुकानात नेऊन आउट काढून आणि सर्व नट आवळून घ्यावेत. चांगले दुकानदार याचे पैसे घेत नाहीत.

हिशेब असा बसतो: तुमची आणि सासऱ्यांची सायकल ९ हजार, मुलीची ७ हजार, अ‍ॅटलासचे काम अडीच हजार, मुलाची सीट ३ हजार, दिवे, कुलुपे, हेल्मेट आणि पंप मिळून ५ हजार. साडेसव्वीस हजार झाले. उरलेले साडेतेरा हजार महिनाभर बाजूला ठेवा. हायब्रिड लागलीच तर त्यांत थोडी भर घालावी लागेल आणि तिच्या जोडीला अ‍ॅटलास घरात राहील, तेही वाईट नाही. मे महिन्यातच खरेदी करा, म्हणजे पावसापूर्वी सर्वांना सवय होईल.

राहिला सासऱ्यांचा संकोच. त्यांना ‘तुम्हाला आता नळीची सायकल झेपणार नाही’ असे कोणी सांगू नये, आणि ही सायकल त्यांच्यासाठी आणली असेही सांगू नये. सायकल सुनेची आहे, तिच्यावर नातू बसणार आहे आणि ती पारखायला घरात एकच जाणता माणूस आहे, हे खरेच आहे. तेवढेच सांगून त्यांना दुकानात बरोबर न्यावे. त्यांनी इतकी वर्षे अ‍ॅटलास सांभाळली आहे, म्हणजे काय पाहायचे ते त्यांना ठाऊक असणार. ते सायकल स्टँडवर लावतील, पुढचे चाक उचलून हलकेच फिरवतील आणि कान देऊन छर्ऱ्यांचा आवाज ऐकतील. चाकाचा एक्सल नीट आवळलेला असेल तर चाक एकदम अडकून थांबत नाही. वेग ओसरत जातो, सर्वांत जड भाग म्हणजे व्हॉल्व्ह खाली येतो आणि घड्याळाच्या लंबकासारखा दोन-चार वेळा मागेपुढे झुलून स्थिरावतो. ते झुलणे त्यांना दिसेपर्यंत तुम्ही पैसे काढू नका.